भावाला जेलमध्ये ‘भाई’ सांभाळतोय, पैसे पाठवू का?

“ताई, धाकटा भाऊ मोबाईल चोरीच्या केसमध्ये पाच महिने आत आहे. बराकीत पाय पसरायला जागा नव्हती, ती एका गँगवाल्याने दिली. आता त्याचा बाहेरचा माणूस मला फोन करून महिन्याला चार हजार मागतो, नाहीतर भावाचं काही खरं नाही म्हणतो. दोन महिन्यांपूर्वी जामीन झालाय पण जामीनदार मिळेना. आई म्हणते, मेला समज. — एक बहीण”

अगं, तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू अशी जाता जाता लिहिलीयेस. जामीन झालाय! म्हणजे पोरगा आत आहे तो फक्त जामीनदार नाही म्हणून, आणि आधी हेच सोडवायचं.

२०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या जेलमध्ये १०० कैद्यांच्या जागेत १३१ होते, चारातले तीन कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही असे. एवढ्या गर्दीत हातभर जागा, पांघरूण, संडासाचा नंबर सगळ्यालाच भाव येतो आणि तो भाव ठरवतात टोळ्या, कारण मोजक्या स्टाफला प्रत्येक बराकीत कोण कुठे झोपतं ते बघणं जमत नाही (काहींना बघायचंही नसतं, ते सोड). तुझ्या भावाने जागा घेतली म्हणून तो गुंड झाला नाही, त्याला झोपायचं होतं.

पैसे पाठवू नकोस. आज चार दिलेस की पुढच्या महिन्यात सहा मागतील, आणि तू देणारी आहेस हे कळल्यावर त्याला सोडतील कशाला. कॉल रेकॉर्ड कर, नंबर जपून ठेव. भावाला जेलमध्ये भेटायला जाशील तेव्हा मात्र यातलं काही बोलू नकोस, तिथे आजूबाजूला कान असतात. वकिलाला सांग, तो बराक बदलायचा अर्ज कोर्टात देईल, आणि रेकॉर्डिंग पोलिसांकडे कधी न्यायचं तेही त्यालाच विचारून ठरव, म्हणजे भाऊ त्याच बराकीत असताना गाजावाजा नको.

वकील परवडत नाही म्हणशील, तर कोठडीतल्या माणसाला कायद्याने फुकट वकील मिळतो, कमाई कितीही असो. जिल्हा कोर्टातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, नाहीतर १५१०० ला फोन लाव. सुप्रीम कोर्टाने २०२३ च्या जानेवारीत सांगितलंय की जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर जेल अधीक्षकाने प्राधिकरणाला कळवायचं आणि महिन्याभरात जामीनदार उभा राहिला नाही तर कोर्ट अट सैल करायचा विचार करू शकतं. तुमचे तर दोन महिने झाले. वैयक्तिक जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्या लेखी हमीवर, सोडा असा अर्ज वकिलाला करायला लाव.

आणि हे अडलंच तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ आहे. पहिलाच गुन्हा असेल, दुसरी केस चालू नसेल तर जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर बाँडवर सोडायचं असतं. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा, म्हणजे एक वर्ष. पण तोवर थांबू नकोस.

आईशी आत्ता वाद घालू नकोस, तिचा राग उतरेल तेव्हा उतरेल. तू जामिनाच्या ऑर्डरची कॉपी काढ आणि सोमवारी प्राधिकरणाच्या ऑफिसात जा, जमलं तर कोणाला तरी सोबत घेऊन.