अमेरिकेतल्या कॉलेज मुलींच्या बास्केटबॉलमध्ये मानांकन कसं ठरतं? काही संघ घरच्या मैदानावर कसे खेळतात?

तुम्ही विचारलंय की एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) या स्पर्धेत पहिल्या क्रमांकाचे चार संघ कसे, आणि काहींनाच घरचं मैदान का मिळतं. मी इथे विद्यापीठाकडून पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळले आहे. परक्या गावात, प्रवासाचा शीण अंगात असताना खेळणं काय असतं ते ठाऊक असल्यामुळे मला तुमचा दुसरा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. वरच्या श्रेणीच्या, म्हणजे डिव्हिजन वनच्या स्पर्धेत ६८ संघ असतात. प्रत्येक कॉन्फरन्सच्या (वर्षभर आपसात खेळणारा विद्यापीठांचा गट) विजेत्याला थेट प्रवेश मिळतो. असे २०२५ मध्ये ३१ होते. उरलेले ३७ निवड समितीने घेतले. हरलेले सामने जिंकलेल्यांपेक्षा जास्त असले, तरी कॉन्फरन्सची शेवटची स्पर्धा मारली की संघ आत येतो. मला हा नियम फार आवडतो. आठ संघ आधी चार सामने खेळतात, त्यांतून चार राहतात आणि मुख्य ड्रॉ ६४ चा होतो. तो चार भागांत विभागून प्रत्येक भागात १ ते १६ मानांकनं दिली जातात, म्हणून प्रत्येक क्रमांक चारदा दिसतो. पहिला सोळाव्याशी, चौथा तेराव्याशी, पाचवा बाराव्याशी. समिती नुसते विजय मोजत नाही. कुणाला हरवलं, कुठे हरवलं, कोण जखमी आहे, हे सगळं बघते.

आता घरचं मैदान. मुलांच्या स्पर्धेत पहिल्या फेरीपासून सामने त्रयस्थ ठिकाणी होतात. मुलींमध्ये पहिल्या चार मानांकनांचे सोळा संघ पहिल्या दोन फेऱ्या आपल्याच कोर्टवर खेळतात. २०१५ पासून हीच पद्धत आहे. फक्त २०२१ मध्ये साथीमुळे सगळी स्पर्धा टेक्सासमध्ये झाली. (व्यायामासाठी मुलांना भलं मोठं दालन आणि मुलींना डंबेल्सचा एक छोटा स्टँड, हे सेडोना प्रिन्स या खेळाडूने जगाला दाखवलं ते त्याच वर्षी. पुढच्या वर्षी मुलींचे संघ ६४ वरून मुलांइतके ६८ झाले आणि ‘मार्च मॅडनेस’ हे नावही त्यांच्या स्पर्धेला मिळालं. ती लढाई मुलींनी स्वतः लढली.)

त्यामुळे माझ्या मते सगळ्यात मोठी दरी पहिल्या आणि दुसऱ्या मानांकनात नसून चौथ्या आणि पाचव्यात आहे. दोघे पहिली फेरी जिंकले की दुसऱ्या फेरीत समोरासमोर येतात, आणि तो सामना चौथ्याच्या घरी होतो! समितीच्या खोलीत एका पायरीचा फरक, कोर्टवर हजारो प्रेक्षकांचा. उलट २०२५ मध्ये कनेक्टिकट विद्यापीठाचा संघ दुसऱ्या मानांकनाचा होता. त्याने उपांत्य फेरीत पहिल्या मानांकनाच्या चौघांतही सगळ्यांत वर असलेल्या यूसीएलए विद्यापीठाला ८५-५१ हरवलं आणि आपलं बारावं विजेतेपद घेतलं. मात्र १९८२ पासून २०२५ पर्यंत तिसऱ्याखालचं मानांकन असलेला एकही संघ विजेता झालेला नाही.

घरचं मैदान म्हणजे विजय नव्हे, हेही खरं. १९९८ मध्ये सोळाव्या मानांकनाच्या हार्वर्डने पहिल्या मानांकनाच्या स्टॅनफर्डला त्यांच्याच कोर्टवर ७१-६७ असं हरवलं. स्टॅनफर्डच्या दोन मुख्य खेळाडू नुकत्याच जखमी झाल्या होत्या, पण म्हणून हार्वर्डच्या ॲलिसन फीस्टरचे ३५ गुण कमी मोलाचे होत नाहीत. मुलांमध्ये सोळाव्याने पहिल्याला हरवायला २०१८ उजाडलं.

मार्चमध्ये ड्रॉ लागला की तुम्ही आधी चौथ्या-पाचव्या मानांकनाचे संघ बघा. दुसऱ्या फेरीतल्या चुरशीच्या लढती बहुधा तिथेच सापडतील.