वाचकांचे प्रश्न : गवती छपराचे घर आणि विम्याचा अर्ज

प्रश्न : जव्हार तालुक्यात आमच्या आजोबांनी बांधलेले घर आहे. भिंती कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या, छप्पर गवताचे. आजूबाजूच्या घरांवर कौले आणि पत्रे आले, आम्ही मात्र पावसाळ्याआधी शाकारणी करून घर जसेच्या तसे राखले आहे. यंदा विमा काढायला गेलो, तर दोन कंपन्यांनी नकार दिला. तिसऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीने ‘अर्जात छप्पर कौलारू लिहा, बघायला कोण येतंय?’ असे सुचवले. तसे लिहावे काय? पुढेमागे पर्यटकांना राहायला ठेवण्याचाही विचार आहे.

उत्तर : तसे मुळीच लिहू नका. विम्याचा करार अर्जदाराने दिलेल्या माहितीवर उभा असतो आणि अग्निविम्यात छप्पर कशाचे, ही त्यातली कळीची माहिती असते. नुकसानीनंतर येणाऱ्या सर्वेक्षकाला उरलेली राख पाहूनच ‘कौलारू’ हा शब्द खोटा असल्याचे कळेल, दावा फेटाळला जाईल आणि भरलेले हप्तेही बहुधा वाया जातील. प्रतिनिधीला त्याचे कमिशन तेवढे आधीच मिळालेले असेल.

नकाराचे मूळ ‘कच्चे बांधकाम’ या वर्गवारीत आहे. भिंती किंवा छप्पर लाकडी फळ्या, गवत, पेंढा, पाने, बांबू, ताडपत्री अशा वस्तूंचे असेल, तर विमा व्यवहारात ती इमारत कच्ची धरली जाते. यातील ‘किंवा’ महत्त्वाचा आहे. भिंती चिरेबंदी असल्या तरी केवळ गवती छपरामुळे घर कच्चे ठरू शकते. ही व्याख्या वस्तू पाहते, निगा पाहत नाही, त्यामुळे नेमाने शाकारलेले तुमचे घर आणि रस्त्याच्या कामावरील ताडपत्रीची पाले तिच्या लेखी एकाच रांगेत बसतात. मला हे अन्यायाचे वाटते. तरीही कंपन्यांची भीती निराधार नाही : छप्पर पाणी ओघळून जावे अशाच रीतीने रचलेले असल्यामुळे आगीवर मारलेले पाणीही वरच्या वर वाहून जाते, आत थर धुमसत राहतो, आणि अग्निशमनाचा बंब खेड्यात पोहोचेपर्यंत वासे पेटलेले असतात.

सर्वसाधारण विमा कंपन्यांनी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देणे सुरू केले आहे. तिच्यात आग, वीज, वादळ, पूर, भूस्खलन ही संकटे येतात. मात्र कच्च्या घराची जोखीम घ्यायची की नाही आणि घेतली तर किती हप्त्याने, हे कंपनीच ठरवते. म्हणून अर्ज खरी माहिती देऊन, छायाचित्रांसह, थेट शाखेत करा आणि होकार असो वा नकार, उत्तर लेखी मागा. ही पॉलिसी राहत्या घरासाठी आहे. पर्यटक ठेवून भाडे घेणार असाल, तर वापरातील तो बदल आधी कळवा आणि व्यवसायासाठी असलेल्या पॉलिसीची चौकशी करा; ५ कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आहे. जनावरांचा विमा घराच्या विम्यापासून वेगळा निघतो, तो तरी काढून ठेवा.

विमा मिळालाच नाही, तर सरकारी मदतीवर भिस्त राहते आणि तेथेही शब्दच आडवा येतो. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२६ या काळासाठीच्या केंद्रीय निकषांत पूर्ण पडलेल्या घराला, मग ते पक्के असो वा कच्चे, सपाट प्रदेशात १,२०,००० आणि डोंगराळ भागात १,३०,००० रुपये आहेत. ‘झोपडी’ला मात्र ८,००० रुपये. गवताचे छप्पर दिसले की झोपडी लिहून मोकळे होण्याची सवय पंचनामा करणाऱ्यांना असू शकते. म्हणून ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत, तुमच्या घराचे वर्णन काय आहे ते आजच पाहा, चुकीचे असल्यास दुरुस्तीचा अर्ज द्या, आणि जोते, खांब, खोल्या दिसतील अशी दिनांकित छायाचित्रे तसेच शाकारणीच्या खर्चाच्या पावत्या घराबाहेर जपून ठेवा. गवत आणि मजुरी रोखीने होते, त्यामुळे साध्या कागदावरची सही घेतलेली पावतीही उपयोगी पडते.

राहिली आगीची खबरदारी. विजेच्या तारा गवतातून किंवा वाशांना बांधून नेऊ नका. त्या नळीतून भिंतीवरून न्या आणि विजेची गळती झाल्यास प्रवाह तोडणारे उपकरण बसवा. वणव्याच्या दिवसांत घराभोवतीची पट्टी साफ ठेवा. पाण्यात विरघळणारी अग्निरोधक रसायने बाहेरून फवारली, तर तुमच्याकडच्या पावसात धुऊन जातील, त्यामुळे विक्रेत्याच्या हमीवर जाऊ नका. गवतावर प्लास्टिक अंथरू नका. आत ओल कोंडून गवत कुजते आणि आगीत वितळलेले प्लास्टिक खाली टपकते. चूल बंद करून गॅस आणला असेल, तर कीड वाढते आहे का ते पाहा, कारण तिला दूर ठेवणारा धूर आता छपरात जात नाही.

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यात गवती छपराचे जुने घर विकत घेणार आहे. तिकडेही विम्याची अडचण येते का?

उत्तर : येते, पण वेगळ्या रूपात. तेथे अशा घरांचा विमा देणाऱ्या खास कंपन्या आहेत. हप्ता जास्त आणि अटी कडक असतात. धुराडे नियमित साफ केल्याचे प्रमाणपत्र आणि वीजजोडणीची तपासणी या त्यांतल्या नेहमीच्या अटी, कारण तिकडच्या आगींचा संबंध बऱ्याचदा धुराडे आणि लाकडाच्या शेगड्यांशी असतो. अट मोडली तर दावा अडकतो. शिवाय यांपैकी बरीच घरे संरक्षित वास्तूंच्या यादीत असतात आणि स्थानिक प्राधिकरणाच्या संमतीवाचून छपराचे रूप बदलता येत नाही. सौदा पक्का करण्यापूर्वी मुलीने विम्याचा लेखी होकार हाती घ्यावा, आणि आढ्यावरचा थर शेवटचा कधी बदलला तेही विचारावे. तो बाकीच्या छपराआधी झिजतो.