जिनिंगच्या ऑफिसात टॅलीसाठी जुना झिऑन घ्यावा, की नवा रायझन किंवा कोअर आय५?

तुमच्या जिनिंगमध्ये पाच जण टॅलीवर बसणार आणि नव्या मशीनच्या निम्म्या पैशात १४ कोअरचा जुना झिऑन, म्हणजे इंटेलचा सर्व्हरसाठीचा प्रोसेसर, मिळतोय, असं तुम्ही लिहिलंय. (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा एकेक भाग.) भाऊ, नका घेऊ.

१४ कोअरचा म्हणजे बहुतेक ई५-२६८० व्ही४ असणार. सेकंडहँडमध्ये तोच जास्त फिरतो. २०१६ चा माल, १२० वॉटचा, टर्बोत, म्हणजे पूर्ण जोरात गेला तरी वेग ३.३ गिगाहर्ट्झ. एएमडीच्या रायझन ५ ७६०० ला सहाच कोअर, पण तो ५.१ पर्यंत जातो आणि तेवढ्याच गिगाहर्ट्झला कामही जास्त उरकतो. टॅलीला कोअर किती यापेक्षा एकेक कोअर किती चपळ, हे बघायचं. बाकीचे रिकामेच बसतील. शिवाय त्या झिऑनमध्ये ग्राफिक्स नाही, कार्ड वेगळं घ्यावं लागतं.

सर्व्हरची चिप वाईट नसते, तिचं गिऱ्हाईक वेगळं. एएमडीच्या एपिक ९६५४ या सर्व्हर चिपला ९६ कोअर आणि मेमरीचे १२ चॅनल (डेटा ये-जा करायच्या वाटा), तर साध्या डेस्कटॉपला दोन. एका मशीनवर डझनभर व्हर्च्युअल सर्व्हर चालवणाऱ्यांनी ती घ्यावी. तुमच्या कामाची त्यातली एकच गोष्ट, ईसीसी मेमरी. एखादा बिट उलटला तर ती आपोआप दुरुस्त करते. हिशेबाच्या मशीनला असलेली बरी. रायझनला ती चालते, फक्त बोर्ड तसा बघून घ्या. इंटेलकडे त्यासाठी डब्ल्यू६८० चिपसेटचा महाग बोर्ड लागतो. म्हणून माझा कौल रायझनला.

उन्हाळ्याचंही बघा. डब्यावर रायझन आणि इंटेलचा आय५ दोघंही ६५ वॉट लिहितात, पण जोरात चालताना ७६०० हा ८८ वॉट खातो आणि आय५-१४४०० तर १४८ पर्यंत जातो. मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि ऑफिसात नुसता कूलर असला, तं हा फरक जाणवतोच. लाइन गेल्यावर यूपीएसवरही जाणवतो. आय५ घरात आधीच असेल तर फेकू नका, बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) वॉटची मर्यादा घाला.

आणि रुईचे तंतू! हंगामात हीटसिंकवर त्यांची गोधडीच बसते. महिन्याला ब्लोअर मारा, पंखा बोटाने धरून. जिनिंगचा कॉम्प्रेसर मात्र लावू नका, त्याच्या हवेत पाणी असतं.