घरात सगळे चांगले आहेत, मग मला रडू का येतं?

"मॅडम, मला कुणी मारत नाही, टाकून बोलत नाही, उपाशी ठेवत नाही. मग मी इथं कशाला आले, तेच मला कळत नाहीये."

पहिल्या भेटीत खुर्चीच्या अगदी कडेवर बसून त्यांनी आधी एवढंच सांगितलं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन पंधरा दिवस झाले होते. अमळनेरात बाहेर ऊन नुसतं भाजत होतं, आणि त्या पदराने घाम पुसायच्या निमित्ताने डोळे पुसत होत्या. घरी मंगळग्रह मंदिरात जाते म्हणून सांगून आल्या होत्या. माझ्याकडे समुपदेशनाला मंगळवारी येणाऱ्या बायकांत हे निमित्त नेहमीचं आहे. देवाची मला त्या बाबतीत फार मदत होते.

"घरात सगळे चांगले आहेत, मग मला एकटं का वाटतं?" हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येतो. त्याला लागूनच दुसरा प्रश्न असतो, "माझंच काही चुकतंय का?" म्हणून ही गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. घरात सगळे त्यांना 'मधली' म्हणतात, मीही इथे तेच म्हणते.

घर तालुक्यातलंच. आबा आणि जिजी, तीन मुलगे, तीन सुना, सात नातवंडं आणि आबांची विधवा बहीण, म्हणजे आत्या. माणसं सोळा, चूल एक. कापूस, मका, थोडी ज्वारी. जुनं धाब्याचं घर, त्याला लागून दोन नव्या स्लॅबच्या खोल्या. भांडणं होत नाहीत असं नाही, पण अबोला दुसऱ्या दिवशीच्या चहाच्या पुढे जात नाही. मधली अकरा वर्षांपूर्वी लग्न करून या घरात आली. मांडे तिच्याच हातचे. खापरावर पुरणाचा मांडा टाकायला जो हात लागतो, तो त्या घरात जिजींनंतर तिलाच आला.

आता आखाजी म्हणजे आमच्या खानदेशात लेकींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. या घरी तीन नणंदा येतात, पोरांसकट. मांडे करायला मधली लागते. म्हणून अकरा वर्षांत आखाजीला ती माहेरी तीनदा गेली, त्यातल्या दोनदा बाळंतपणासाठी आधीच तिकडे होती म्हणून. या वर्षी झोक्यावर नणंद गात होती, मधली आत परातीवर वाकलेली होती, आणि अचानक कणकेत पाणी पडायला लागलं. डोळ्यातलं. "वैनी, कांदा चिरला का?" असं धाकट्या जावेने विचारलं. मधली म्हणाली, हो.

मी पहिल्यांदा काय केलं ते सांगते, कारण ते चुकलं. मी म्हटलं, रोज दुपारी एक तास खोलीचं दार लावून घ्या. काही करू नका. तो तास तुमचा.

पहिल्या दिवशी दहाव्या मिनिटाला आत्याने दार वाजवलं, "पोरी, पोटात दुखतंय का?" मग पुतण्या चार्जर मागायला. मग जिजींनी हळदीचं दूध पाठवलं. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला कुणीतरी शेतात फोन केला आणि तो मोटरसायकलवर धावत आला. तिसऱ्या दिवशी मोठे दीर अंगणातून म्हणाले, "डॉक्टरला बोलावू का?" चौथ्या दिवशी मधलीने दार उघडंच ठेवलं. सोळा माणसांच्या घरात भरदिवसा लावलेलं दार म्हणजे कुणीतरी आजारी, नाहीतर कुणीतरी रुसलेलं. तिसरा अर्थ त्या घराला माहीतच नव्हता. माझा सल्ला शहरातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटसाठी ठीक होता. आम्ही दोघी त्यावर खूप हसलो. त्या हसल्या ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्याच भेटीत मी नैराश्य जोखणारी नऊ प्रश्नांची ती नेहमीची प्रश्नावली भरून घेतली. पीएचक्यू-९ म्हणतात तिला. तिच्यात शून्य ते सत्तावीस गुण असतात. त्यांचे अकरा आले, म्हणजे दुर्लक्ष करण्याइतके कमी नव्हेत. जिवाचं काही बरंवाईट करण्याचा विचार येतो का, हे मी सरळ विचारलं. नाही म्हणाल्या, आणि मला ते खरं वाटलं. मग रक्ताची तपासणी करायला लावली. हिमोग्लोबिन ८.९ निघालं. गरोदर नसलेल्या बाईचं १२ च्या खाली गेलं की रक्त कमी धरतात. आबांचा बीपी, आत्याची साखर, पुतणीचा थायरॉइड, हे सगळे आकडे मधलीला तोंडपाठ होते. स्वतःचं रक्त धाकट्या मुलाच्या बाळंतपणानंतर तपासलंच नव्हतं, आणि तो मुलगा आता दुसरीत होता. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळी आणि चहा यांत निदान एक-दोन तासांचं अंतर ठेवा, हे मी दोनदा बजावलं, कारण आपल्याकडे चहा दर तासाला असतो.

इथे थोडं थांबून सांगते. मन लागत नाही, झोप उडाली आहे, आवडीचं काही आवडेनासं झालं आहे, असं रोजच्या रोज दोन आठवडे चाललं असेल, तर त्याला कृतघ्नपणा समजू नका, डॉक्टरकडे जा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. घरातून निघणं शक्य नसेल तर २०२२ पासून सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा आहे. १४४१६ या नंबरवर चोवीस तास फोन लागतो, मराठीत बोलता येतं.

दाराचा प्रयोग फसल्यावर मी त्यांना वही दिली. म्हणजे त्यांनीच मुलाची जुनी वही उलटी करून घेतली. मी म्हटलं, पंधरा दिवस फक्त अशी कामं लिहा, जी तुम्हाला कुणी सांगितली नाहीत, पण तुमच्या लक्षात राहिली नसती तर झाली नसती. स्वयंपाक, धुणी, निंदणी लिहू नका. ती सगळ्यांना दिसतात.

नऊ पानं भरली. काही ओळी मला अजून आठवतात. आबांच्या गोळ्या चार दिवसांच्याच उरल्यात, मोठ्या भाऊंना सांगितलं. आत्याचं गुडघ्याचं तेल. मोठ्या वैनींच्या भाच्याचं लग्न, त्यांनी आपल्याकडच्या जाउळाला काय दिलं होतं ते आहेराच्या वहीत बघितलं, त्याच्यावर शंभर चढवले. पुतणीचा बारावीनंतरचा फॉर्म, जातीच्या दाखल्याची झेरॉक्स. गॅसचा नंबर लावला. धाकटीला या महिन्यात उलट्या होतायत, तिला फोडणीपाशी बसू दिलं नाही, अजून कुणाला सांगितलं नाही. बिबड्यांची ज्वारी भिजत घालायची तारीख. सालदाराच्या पोरीची फी.

त्या वाचून दाखवत होत्या आणि मला कळत होतं, की हे घर 'एकमेकांना धरून' आहे असं जे गाव म्हणतं, ते धरून ठेवायचं काम या वहीत आहे. सणवार, बारसं, जाऊळ, साखरपुडा, वर्षभराची सगळी गजबज एका बाईच्या डोक्यात भरलेली होती. काम वाटून घेणारी माणसं त्या घरात होती. आठवण वाटून घेणारं कुणी नव्हतं.

"मग वेगळं निघू का?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न कधीतरी येणारच होता. एका मैत्रिणीने फोनवर तोच सल्ला दिला होता. माझं मत स्पष्ट आहे. जिथे हात उचलला जातो, संशय घेतला जातो, बाईच्या कमाईवर टाच येते, तिथे मी वेगळ्या चुलीच्या बाजूने उभी राहते, घर कितीही नावाजलेलं असो. इथे तसं काही नव्हतं. वेगळ्या घरातही ही वही त्यांच्याच डोक्यात गेली असती, फक्त पानं कमी झाली असती. "ती गोष्ट तुम्ही ठरवा," मी म्हटलं, "पण आधी एक पान दुसऱ्याच्या हातात देऊन बघू."

कुठलं पान द्यायचं यावर आमचा बराच वेळ गेला. त्यांनी आबांच्या गोळ्या निवडल्या. मी नको म्हटलं. औषधावर प्रयोग करायचा नाही. गॅस ठरला. नवऱ्याला सांगायचं, आजपासून सिलिंडर तुमच्याकडे, आणि परत आठवण करायची नाही. हे 'करायची नाही' फार जड गेलं. दोन आठवड्यांनी, धाकटीच्या माहेरची माणसं जेवायला बसणार, तेवढ्यात गॅस संपला. परसातल्या चुलीवर वरण-बट्टी झाली. उशीर झाला, धूर झाला, आबा मात्र खूश, "चुलीवरचीच खरी." नवरा अंगणात मान खाली घालून फोनवर सिलिंडरचा नंबर लावत होता. मधली म्हणाल्या, "मॅडम, जीभ दातांत धरून बसले होते मी." त्यानंतर गॅस संपलेला नाही.

श्रावणात कानबाई, आमच्या खानदेशातली देवी, घरात बसली. नागपंचमीनंतरच्या रविवारी. त्यांच्याकडे नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेतात. पुढच्या मंगळवारी त्या आल्या तेव्हा जरा वेगळ्याच दिसल्या. "आठ पुरुष, दहा मुठी. अकरा वर्षं मीच मोजते. या वर्षी मोजताना पहिल्यांदा ध्यानात आलं, की मी मोजणारी आहे." हे बदलावंसं वाटतं का, मी विचारलं. "नाही हो, कुळाचं आहे. फक्त ध्यानात आलं." मीही तो विषय पुढे ओढला नाही. माझं स्वतःचं मत काय, हा त्या खोलीतला प्रश्न नव्हता.

आणि मग कापूस वेचणी सुरू व्हायच्या आधीच्या एका मंगळवारी जिजी एकट्याच येऊन बसल्या. मंदिराच्या बहाण्याचं त्यांना किती दिवसांपासून माहीत होतं कोण जाणे. बसल्या बसल्या म्हणाल्या, "वेगळी निघस का ती?" मधली इथे काय बोलते ते मी त्यांना सांगू शकत नव्हते, तसं सांगितलं. मग विचारलं, तुमच्या वेळी हे सगळं ध्यानात कोण ठेवायचं?

बराच वेळ त्या गप्प राहिल्या. पदराची किनार बोटाला गुंडाळत होत्या. "माले बठ्ठं कळस, मॅडम. मी बी रडेल शे." मला सगळं कळतं, मीही रडलेली आहे. सासूने त्यांच्यावर टाकलं होतं, त्यांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी मधलीवर टाकलं. मोठीवर का नाही? "मोठी इसरी जास. हिले जमस." मोठी विसरते, हिला जमतं. एवढंच कारण. जमतं म्हणून दिलं, आणि जमतंय म्हणून परत घेतलं नाही.

मी त्यांना काही सुचवलं नाही. चहा पाजला.

नंतरचे महिने मी भराभर सांगते, कारण त्यांत विशेष काही घडलं नाही, आणि ते चांगलंच झालं. आहेराची वही दिवाळीत मोठ्या वैनींकडे गेली. त्यांनी एका लग्नात आहेर चुकवला, थोडी बोलणी खाल्ली, आता तीनदा तपासतात. पुतणी स्वतःचे फॉर्म स्वतः भरते. मळ्यात भरीताचा बेत झाला तेव्हा वांगी भाजण्यापासून कळण्याच्या पुऱ्या लाटण्यापर्यंत सगळं पुरुषांनी केलं. पुऱ्या फुगल्या नाहीत असं ऐकते. हिमोग्लोबिन ११.४ झालं. प्रश्नावलीत चार गुण आले. धाकटीला मुलगी झाली.

चैत्र संपता संपता जिजींनी सगळ्यांच्या देखत सांगितलं, यंदा आखाजीला मधली माहेरी जाईल. मांड्यांचं काय, नणंदेने विचारलं. "पुरनपोया खा," जिजी म्हणाल्या. नणंदेला ते लागलं. अजूनही थोडं लागलेलं आहे, आणि ते मला मोडता आलेलं नाही.

आखाजीनंतर मधली भेटायला आल्या. या वेळी खुर्चीत नीट टेकून बसल्या. झोका, रस, सांजोऱ्या, सगळं सांगून झालं. मग म्हणाल्या, "तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात गेले तर भावजय एकटीच खापरापाशी. मी विचारलं, तू माहेरी कधी जातेस? ती म्हणाली, तुम्ही गेल्यावर. इतकी वर्षं मी हे तिला विचारलंच नव्हतं, मॅडम."

"मग?"

"मग मी दोन दिवस आधीच निघाले."

माझ्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं असावं, कारण त्या हसल्या. "सासरी नाही गेले. ह्यांना सांगितलं आणि धुळ्याला बहिणीकडे गेले. दोन दिवस. तिथं ना लग्न होतं, ना बारसं. दुपारी दार लावून झोपले."

"कुणी वाजवलं नाही?"

"पोरगं आलं होतं एकदा. मी म्हटलं, जागी आहे, पण उठणार नाही."