१२ वर्षं जुनी सेडान घेतली तर काय काय बिघडतं आणि दुरुस्तीला किती खर्च येतो?

"जुनी गाडी म्हणजे पैसे खाणारी" हे माझ्या मोठ्या भावाकडून इतक्यांदा ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. तुम्ही लिहिलंय की १२ वर्षांची, लाखाच्या वर किलोमीटर झालेली पेट्रोल सेडान मिळतेय आणि घरचे नको म्हणतायत. माझी गाडी जवळपास तशीच आहे, रोज चालवतो, आणि ती विकायचा विषय माझ्याकडे निघत नाही.

जुन्या गाडीत इंजिन सहसा सगळ्यात शेवटी जातं. आधी जातं ते रबर आणि प्लास्टिक. होज पाइप, सस्पेन्शनचे बुश, इंजिन माउंटिंग, ऑइल सील, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाक्या. ही मंडळी किलोमीटर मोजत नाहीत, वय आणि उष्णता त्यांना खाते. म्हणून दादाचा 'घ्यायचीच तर कमी चाललेली घे' हा हट्ट मला कधीच पटला नाही. वर्षानुवर्षं उभी राहिलेली गाडी मीटरवर छान दिसते, पण तिचे कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) जाम असतात, टायर कडक झालेले असतात, ब्रेक ऑइलने हवेतलं पाणी ओढलेलं असतं. टायरच्या बाजूला ४ आकडे असतात ते वाचाच, २३१४ असेल तर २०१४ सालचा २३ वा आठवडा. खोल नक्षी बघून भुलू नका.

आता माझ्या गाडीचं सांगतो, कारण जुन्या गाडीवर खर्च कसा चढवला जातो ते त्यातून कळेल. ट्रॅफिकमध्ये गाडी तापायला लागली. मोकळ्या रस्त्यावर काटा जागच्या जागी, सिग्नलला थांबलं की वर. काटा मध्याच्या वर सरकला की मी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचो, ह्यात मी कधीच तडजोड केली नाही, कारण तापलेल्या इंजिनावर 'घरापर्यंत नेऊ' म्हणून गाडी रेटली की अॅल्युमिनियमचं हेड (इंजिनचा वरचा भाग) वाकतं आणि मग खरोखरच मोठा खर्च येतो. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून पाच मिनिटांत सांगितलं, हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन ब्लॉकमधलं पॅकिंग) गेलंय, हेड उतरवावं लागेल, फेसिंग (घासून सपाट) करावं लागेल, उतरवतोच आहोत तर टायमिंग बेल्टही टाकू. दादा सोबत होता, तो लगेच म्हणाला की बघ, मी म्हणत होतो ना, आता एक तर हे कर नाहीतर विकून टाक.

मी विचारलं, कशावरून? "गाडी तापते ना!" एवढंच उत्तर. अरे पण कूलंटची पातळी खाली येत नव्हती, ऑइल भरायच्या झाकणाच्या आत दुधाळ साय नव्हती, सायलेन्सरमधून पांढरा गोडसर वासाचा धूर नव्हता, गार इंजिन चालू करून रेडिएटरचं झाकण उघडं ठेवलं तर बुडबुडे येत नव्हते (गरम असताना ते झाकण उघडायचं नाही, भाजून निघाल). हेड गॅस्केट गेल्याची एकही खूण नाही आणि हा माणूस थेट हेड उतरवायला निघाला! शिवाय एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली होती, ट्रॅफिकमध्ये एसीही गार करत नव्हता आणि वेग घेतला की परत गार व्हायचा. म्हणजे थांबलेल्या गाडीत रेडिएटरमधून हवाच खेचली जात नव्हती.

गाडी तिथून काढली आणि एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्यांनी एसी लावायला सांगितला, रेडिएटरचा फॅन फिरला नाही. मग फॅनला बॅटरीवरून थेट वायर दिली तर लगेच जोरात फिरला, म्हणजे मोटर ठीक. फ्यूज बॉक्स उघडला, फॅनचा रिले (फॅनला वीज जोडणारा छोटा स्विच) काढला, शेजारचा हॉर्नचा रिले अगदी तसाच होता तो त्याच्या जागी दाबून बसवला. फॅन चालू. काढलेल्या रिलेचा एक पाय जळून काळा पडला होता, तो रिले त्यांनी माझ्या हातावर ठेवला. काम संपलं. अख्ख्या गाडीतल्या सगळ्यात स्वस्त भागांपैकी एक, आणि त्याच्यापायी इंजिन उघडायला निघाले होते. दादा अजूनही म्हणतो की तुझं नशीब. नशीब कसलं, मी खुणा बघितल्या आणि प्रश्न विचारला.

खर्चाचं म्हणाल तर आकडा विचारण्यापेक्षा मजुरी कुठे जास्त लागते ते समजून घ्या. क्लच प्लेट एकटी फार महाग नसते, पण गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि मागचं ऑइल सील त्याच वेळी बघायचं. टायमिंग बेल्टवालं (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा पट्टा असलेलं) इंजिन असेल आणि बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर बदलला नाही असंच धरा, तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात. वॉटर पंप त्याच बेल्टवर चालत असेल तर तोही लगेहाथ टाका. एसीची कूलिंग कॉइल गळली तर बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड सोडवावा लागतो, तिथे मजुरीच पार्टच्या वर जाते. लिंक रॉड, बुश, ब्रेक पॅड हे किरकोळ, शॉकअप मध्यम. मी तर गाडीच्या किमतीचा पाचवा हिस्सा पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवूनच सौदा करीन, आणि बिलात पार्ट वेगळा, मजुरी वेगळी लिहून घेईन, जुना पार्ट परत मागीन.

हे सगळं मॅन्युअल पेट्रोलबद्दल. ऑटोमॅटिक असेल आणि गिअर बदलताना झटका किंवा उशीर जाणवत असेल तर माझं काही ऐकू नका, सोडून द्या. डिझेलचे इंजेक्टर आणि टर्बोही वेगळंच प्रकरण. चॅसिसला गंज असेल किंवा ठोकून सरळ केलेली असेल तर मीही दादाच्याच बाजूने बोलेन.

घरच्यांना एवढंच सांगा की गाडीचं वय नका बघू, आधीच्या मालकाची बिलं बघा. ऑइल वेळेवर बदललंय का, कूलंटच्या बाटलीत रंगीत पाणी आहे की गंजाचं तांबडं. आणि बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगा की आम्ही येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गार इंजिनचा पहिला स्टार्ट तुमच्या कानांनी ऐका, टॅपेटचा आवाज, निळा धूर, जे काय असेल ते तिथेच कळतं. सांगूनही बॉनेट गरम लागलं तर का चालू केली ते विचारा, आणि नीट उत्तर आलं नाही तर दुसरी गाडी बघा.