तळणीचं तेल, गुळाचे लाडू आणि वर्तमानपत्राचा कागद

दिवाळी तीन आठवड्यांवर आली की माझ्याकडच्या पत्रांना भाजणीचा वास यायला लागतो. साताऱ्यात 29 वर्षं मुलींना गृहविज्ञान शिकवलं, आणि त्याआधीपासून सासरच्या मोठ्या कुटुंबात फराळ करत आले. त्या दोन्ही शिदोऱ्यांवर उत्तरं देते आहे.

प्रश्न : ताई, आमच्याकडे दिवाळीत अडीच-तीन लिटर तेल तळणीला लागतं. चकल्यांचं उरलेलं तेल सासूबाई डब्यात भरून ठेवतात आणि तुळशीच्या लग्नापर्यंत भजी, पुऱ्या त्यातच तळतात. मी काही बोलले की घरात वाद होतो. तेच तेल पुन्हा वापरलं तर खरंच बिघडतं काय? — एक सून, बार्शी

उत्तर : सासूबाईंवर रागावू नका. रेशनच्या रांगेत उभं राहून तेल आणलेल्या पिढीला वाटीभर तेल टाकताना जिवावर येतं. माझ्या सासूबाईही तशाच होत्या. पण त्यांना सांगायलाच हवं, कारण बिघाड खरा आहे.

तेल तापतं, हवेशी संयोग पावतं, पदार्थातलं पाणी त्यात उकळतं. या तिन्हींमुळे तेल तुटत जातं आणि त्यात ध्रुवीय संयुगं, म्हणजे तुटलेल्या तेलातून तयार झालेले घटक, साठतात. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 1 जुलै 2018 पासून तेलातल्या या संयुगांची मर्यादा 25 टक्के ठरवली आहे. त्यापुढचं तेल खाण्याला वापरायचं नाही. हॉटेलवाले ते यंत्राने मोजू शकतात, आपल्याला नाक-डोळ्यांवर भागवावं लागतं. तेल काळपट आणि चिकट झालं, घाणा सोडल्यावर आलेला फेस बसेना, पूर्वीपेक्षा कमी आचेवर धूर यायला लागला, खवट वास आला, यातलं एक जरी दिसलं तरी ते तेल संपलं. त्यात ताजं तेल मिसळलं म्हणून जुनं सुधारत नाही, ताजंच लवकर बिघडतं.

मग वाद मिटवायचा कसा? उरणारं तेलच कमी करा. पसरट मोठी कढई माळ्यावर राहू द्या. लहान, खोल कढई घ्या, त्यात अर्धा लिटर तेल पुरतं. एका वेळी चार चकल्या. वेळ जास्त लागेल, पण शेवटी हातात वाटी-दीड वाटी तेलच उरेल. ते गार करून कापडातून गाळा आणि एक-दोन दिवसांत भाज्यांच्या फोडणीत संपवा, पुन्हा तळायला नको. कढई पितळी असेल तर कल्हई शाबूत आहे का पाहा. उघड्या तांब्या-पितळेच्या स्पर्शाने तेल भराभर खवट होतं. तळण्याचा क्रमही ठरवून घ्या. आधी शंकरपाळी, मग करंज्या, चकल्या सगळ्यात शेवटी. चकलीतले तीळ आणि मीठ-तिखटाचे कण तळाशी जळतात आणि तेल लवकर काळं करतात.

आता आच. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण तब्येतीच्या दृष्टीने फराळातला सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो. चकली तेलात पडली की तिच्यातलं पाणी वाफ होऊन बाहेर धावतं, ते बुडबुडे म्हणजे तीच वाफ. वाफ बाहेर येते आहे तोवर तेलाला आत शिरायला जागा कमी. तेल पुरेसं तापलेलं नसेल तर वाफेला जोर नसतो आणि चकली तेल पिते. 170 ते 180 अंश हे तापमान चांगलं. थर्मामीटर नसेल तर पिठाची हरभऱ्याएवढी गोळी सोडा. ती तळाशी बसून राहिली तर तेल थंड, टाकल्याबरोबर वर येऊन लाल झाली तर फार गरम. बुडली आणि दमादमाने बुडबुड्यांसह वर आली की सोऱ्या हातात घ्या. बुडबुडे जवळजवळ थांबले म्हणजे चकली झाली.

आणखी एक. बरंचसं तेल चकलीत शिरतं ते ती कढईतून काढल्यावर. गार होताना आतली वाफ आक्रसते आणि वरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून झारा कढईच्या काठाला टेकवून पंधरा-वीस आकडे म्हणा, मगच चकली खाली ठेवा. मी एका वर्षी तेल मोजून ओतलं आणि उरलेलं मोजलं. घाईने मंद तेलात तळलं त्या दिवशी अर्धा किलो भाजणीला जवळजवळ पाव लिटर तेल गेलं. दुसऱ्या दिवशी आच सांभाळली, तेव्हा त्याच्या निम्म्याहून थोडंच जास्त. सासूबाईंसमोर हेच मोजमाप करून दाखवा. तेल वाचलेलं त्यांना आवडेल.

प्रश्न : मला नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. बायको म्हणते, गुळाचे लाडू खा, गुळाने साखर वाढत नाही. — वय 61, कोल्हापूर

उत्तर : वहिनींची माया कळते, पण गुळाने साखर वाढते. 100 ग्रॅम साखरेत सुमारे 400 कॅलरी, गुळात सुमारे 380. रक्तात पोचल्यावर शरीर दोघांत भेद करत नाही. गुळाला चव आहे, थोडे क्षार आहेत, म्हणून निरोगी माणसाने जरूर वापरावा. मधुमेह्याने गूळ म्हणून एक लाडू जास्त खाल्ला तर नुकसान त्याचंच.

फराळात साखर कुठे चवीला आहे आणि कुठे बांधायला, हे वहिनींना सांगा. बेसनाचा लाडू तुपावर वळला जातो. दोन वाट्या बेसनाला वाटीभर पिठीसाखर घालत असाल तर पाऊण वाटीतही तो वळतो, बेसन खमंग भाजलं असेल तर चवीलाही उणा पडत नाही. पाकातल्या रव्याच्या लाडवात मात्र पाकच रवा बांधतो. अनारशाची जाळी गुळावर अवलंबून असते. तिथे गोड कमी केलं की पदार्थच फसतो. म्हणून तुमच्यासाठी बेसनाचे, लिंबाएवढे लाडू. एक खाल्ला तर त्या वेळची पोळी किंवा भात कमी करायचा. फराळ जेवणावर वरून नको. चिवडा, शेव, चकली गोड नसली तरी तीही पिठा-पोह्यांचीच आहे, तीही हिशेबात धरा. रक्तदाब असेल तर मिठाकडेही बघा, दिवसाला सगळं मिळून 5 ग्रॅम म्हणजे चमचाभर मीठ पुरे. गोळ्यांची वेळ सणाच्या दिवशीही चुकवू नका.

प्रश्न : मावशी, मी पहिल्यांदाच एकटीने फराळ करणार आहे. सगळं एअर फ्रायरमध्ये केलं तर चालेल का? आणि तळलेलं वर्तमानपत्रावर काढू नये असं म्हणतात, ते खरं का? — नोकरी करणारी मुलगी, डोंबिवली

उत्तर : खरं आहे गं, आणि तू विचारलंस याचा मला आनंद झाला. छपाईची शाई खाण्याची नसते. गरम तेलात ती विरघळते आणि चकलीला लागते. अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही यावर स्पष्ट इशारा दिला आहे. मी स्वतः कित्येक वर्षं अंकच्या अंक पसरून त्यावर करंज्या मांडल्या आहेत. एका करंजीच्या पाठीवर उलटी अक्षरं उमटलेली पाहिली आणि त्या दिवसापासून कागद बंद केला. परातीवर पिठाची मोठी चाळणी ठेव, त्यावर काढ. खालून हवा लागते म्हणून चकली कुरकुरीतही राहते, कागदावर ती स्वतःच्याच वाफेत मऊ पडते.

एअर फ्रायरमध्ये शंकरपाळी छान होतात, दाणे आणि काजू उत्तम भाजले जातात. चकली मात्र मला तरी कोरडी, दाताखाली टणक लागली. सणाचे चार दिवस ती तेलातच तळ आणि तेल चिवड्यात वाचव. पोहे तळले तर ते स्पंजासारखं तेल पितात. पातळ पोहे मंद आचेवर कढईत थोडे-थोडे करून भाज. बोटांत चुरले की कुरकुर वाजले पाहिजेत. अर्धा किलो पोह्यांना अर्धी वाटी तेलाची फोडणी पुरते. दाणे घेताना सुरकुतलेले, काळे पडलेले, बुरशीचा वास येणारे सगळे वेचून फेक. त्यातलं विष भाजून जात नाही.

प्रश्न : भाऊबीजेला माहेरी ओल्या नारळाच्या करंज्या नेल्या, त्या दुसऱ्या दिवशी आंबल्या. काय चुकलं? — रत्नागिरी

उत्तर : सारणात पाणी राहिलं, किंवा करंज्या गरम असतानाच डबा बंद केला. नारळ-गूळ एकत्र होऊन कढईच्या कडा सोडेपर्यंत परता. सारण पूर्ण गार करून भरा आणि तळलेल्या करंज्या उघड्यावर गार होऊ द्या. तरीही त्या एका दिवसाच्याच, त्यापुढे फ्रिज. एसटीच्या प्रवासाला सुक्या खोबऱ्याच्या न्या. खव्याच्या करायच्या असतील तर दूध घरी आटवा. विकतच्या खव्याचा संशय आला तर चिमूटभर खवा पाण्यात उकळून गार करा आणि आयोडीनचे दोन थेंब टाका. निळं झालं तर त्यात पीठ आहे.

प्रश्न : नातू दीड वर्षाचा आहे, त्याची घरातली ही दुसरी दिवाळी. आम्ही खाली बसून शेगडीवर तळतो. काय काळजी घ्यावी? — एक आजी, नांदेड

उत्तर : आजी, यंदा शेगडी ओट्यावर घ्या. कढईचा दांडा आतल्या बाजूला वळवा. नायलॉनची साडी नको, सुती नेसा आणि पदर खोचा.

1998 साली आमच्याकडे चकल्या चालू असताना फोन वाजला. मी उठले, दोन मिनिटं म्हणत दहा बोलले. परत येते तो कढईवर ज्वाळा. माझ्या जाऊबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या. सासूबाईंनी त्यांचा हात धरला, गॅस बंद केला आणि कढईवर परात पालथी घातली. आग गुदमरून विझली. पाणी पडलं असतं तर ते तेलाच्या खाली जाऊन क्षणात वाफ झालं असतं, आणि पाण्याची वाफ सुमारे 1700 पट जागा घेते. पेटतं तेल छतापर्यंत उडालं असतं. तेव्हापासून मी तळायला बसताना कढईला पुरेल असं झाकण हाताशी ठेवते. पेटलेली कढई उचलून बाहेर न्यायची नाही, हेही घरात सगळ्यांना सांगून ठेवा. गॅसचा वास आला तर बटणं, काडेपेटी काही नको. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि 1906 वर फोन करा.

कुणाला भाजलंच तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटं. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही लावू नका. बाळाचं भाजलं असेल तर पाणी लावून झाल्यावर सरळ दवाखाना.

चिवड्यातले दाणे, डाळं, खोबऱ्याचे काप त्याच्या हाताला लागू देऊ नका. पाच वर्षांखालच्या मुलाच्या श्वासनलिकेत अख्खा दाणा अडकू शकतो. पाहुण्यांसमोरची वाटी उंचावर ठेवा, कारण तो वाटीपर्यंत आपल्याला वाटतं त्यापेक्षा लवकर पोचतो. चकलीच्या भाजणीतली मूठभर बाजूला काढा, कोमट पाण्यात सैलसर भिजवा, तिखट न घालता तव्यावर झाकण ठेवून छोटं मऊ थालीपीठ लावा. वर लोण्याचा गोळा. पाडव्याच्या सकाळी सगळ्यांच्या पंगतीत त्याच्याही ताटलीत भाजणी असेल.