हात बधिर करायच्या इंजेक्शनात दुसरं औषध कशाला मिसळतात?

वडिलांच्या मोडलेल्या मनगटात प्लेट बसवायची आहे, त्यांना शुगर आहे आणि भूलतज्ज्ञ म्हणाले, "ब्लॉकमध्ये थोडं डेक्सा घालू." ब्लॉक म्हणजे हेच हात बधिर करायचं इंजेक्शन, आणि डेक्सा म्हणजे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. ते लागतंच का, असं तुम्ही विचारलंय. माझं रोजचं काम हेच, म्हणून लिहितो.

ऑपरेशनपुरतं म्हणाल, तर नाही लागत. गळ्याच्या हाडाच्या वर, सोनोग्राफीत बघत मज्जातंतूंभोवती बुपिव्हाकेन हे बधिर करणारं औषध सोडलं की हात तसाही साधारण ८ ते १२ तास बधिर राहतो. जोडीचं औषध असतं ते रात्रीसाठी. सकाळी १० ला दिलेला ब्लॉक रात्री उतरतो, म्हणजे नेमकं वॉर्डात दिवे मालवले की ठणका सुरू. डेक्सामेथासोनने तो बहुतेकदा ६-८ तास पुढे जातो.

ही युक्ती जुनीच. हाइनरिख ब्राउन या जर्मन सर्जनने १९०३ मध्ये कोकेनमध्ये ॲड्रेनलिन मिसळलं: रक्तवाहिन्या आकसतात, औषध जागच्या जागी टिकतं. बुपिव्हाकेन मुळातच चिवट, त्याला ॲड्रेनलिनने फारसा जास्तीचा वेळ मिळत नाही. डेक्समेडेटोमिडिन या गुंगीच्या औषधाने मिळतो, पण नाडी मंदावते, बीपी उतरतं, पेशंट पेंगतो. वडील बीपीसाठी मेटोप्रोलॉलसारखी, नाडी मंदावणारी गोळी घेत असतील तर आधी सांगा.

डेक्साने शुगर एक-दोन दिवस चढू शकते. ४ मिलिग्रॅमने सहसा आभाळ कोसळत नाही, पण शुगर आधीच ३०० च्या घरात असेल तर मी नाही देणार. आणि एक: हेच डेक्सा सलाईनमधून दिलं तरी जवळपास तेवढाच फायदा होतो. मज्जातंतूजवळ देणं औषधाच्या परवान्यात नाही, म्हणून मी शिरेतूनच देतो. शुगर मात्र तशीही वाढतेच.

लांबलेल्या ब्लॉकचा जाच वेगळाच. माझ्या एका पेशंटने रात्री कूस बदलली आणि स्वतःचाच लुळा हात नाकावर आदळला. "पलंगावर दुसरं कोण झोपलंय?" म्हणून त्याने बायकोला उठवलं! तेव्हा हात झोळीतच ठेवा, गरम पाण्याची पिशवी जवळ आणू नका. आणि लिहून दिलेली दुखण्याची गोळी बोटांना मुंग्या यायला लागल्या की लगेच द्या. ठणक्याची वाट बघत बसलात तर ती गोळी पुरी पडत नाही.